कोठीवरील कुणबिणी

गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः छापून निघाले, तेव्हा महाराष्ट्रातील अभ्यासकांची दृष्टी साहजिकच स्वाऱ्या, तह, सरंजाम आणि जमाबंदी या मोठ्या प्रकरणांकडे वळली; कारण हातचे राज्य का गेले, हा त्या पिढीच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. परंतु त्याच खंडांत, किल्ल्यांच्या डागडुजीच्या आणि देवस्थानांच्या नेमणुकींच्या कलमांशेजारी, अगदी त्याच कारकुनी भाषेत, अमुक बायको इतक्या रुपयांस खरीद केली, अमुक बायको बदकर्माबद्दल धरून आणून कोठीवर ठेविली, अमुक कुणबीण म्हातारी झाली सबब सोडून दिली, अशा आशयाच्या नोंदी जागोजाग आढळतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली या रोजनिशींवर जो प्रस्तावनापर निबंध लिहिला, त्यात या स्त्रियांच्या क्रयविक्रयाचा उल्लेख त्यांनी टाळला नाही. पुढे नारायण गोविंद चापेकर यांनी जुन्या हिशेबी कागदांवरून 'पेशवाईच्या सावलीत' लिहिताना घरगुती खर्चाच्या बाबींतून हाच विषय उजेडात आणला; हिरोशी फुकाझावा या जपानी पंडिताने अठराव्या शतकातील मराठी राज्यातील दास्यावर स्वतंत्र निबंध रचला; आणि अलीकडच्या काळात सुमित गुहा, उमा चक्रवर्ती आदी संशोधकांनी जात, स्त्रीचे शील व राज्यसत्ता यांच्या परस्परसंबंधांच्या संदर्भात या नोंदी नव्याने वाचल्या. या सर्वांच्या श्रमांचा आधार घेऊन मला येथे एकच गोष्ट मांडावयाची आहे. स्त्रीचे पातक ठरविणारा धर्म, त्या पातकाची सजा देणारी सरकारसत्ता आणि तिच्या श्रमावर चालणारी कोठी ही पेशवाईत तीन निरनिराळी खाती नव्हती. तो एकच व्यवहार होता, आणि त्या व्यवहाराचा भार ज्यांच्या अंगावर पडला त्या बायकांचा इतिहास हा त्या राज्याच्या इतिहासाचा गाभ्यातला भाग आहे.

कुणबीण म्हणजे कुणबी जातीची बायको, आणि कुणबीण म्हणजे विकत घेतलेली अथवा सरकारात जमा झालेली दासी. हे दोन्ही अर्थ मराठीत शेजारी शेजारी नांदत आले. बटीक हा दुसरा शब्दही त्याच अर्थाने सर्रास वापरला जाई. या संस्थेला शास्त्राधार शोधण्यास कोणास दूर जावे लागत नव्हते. मनूने दासांचे सात प्रकार सांगितले, नारदाने ते पंधरापर्यंत वाढविले, आणि त्यांत युद्धात धरलेला, दुष्काळात पोसलेला, विकत घेतलेला, घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला, असे सर्व प्रकार आले. याज्ञवल्क्याने दास्य हे वर्णांच्या उतरत्या क्रमानेच असावे, चढत्या क्रमाने नसावे, असा दंडक घातला. आणि कात्यायनाने ब्राह्मणाचे दास्य सर्वथा निषिद्ध ठरविले. हे शेवटचे दोन नियम वाचकाने ध्यानात ठेवावेत, कारण अठराव्या शतकातील पुण्याच्या न्यायदानात त्यांची छाया पुढे स्पष्ट दिसणार आहे.

दास्य ही काही पेशव्यांची निर्मिती नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाने तेथील हमरस्त्यावर इतर मालाबरोबर दासदासींचा लिलाव होत असल्याचे नमूद करून ठेवले आहे. दख्खनच्या शाह्यांत हबशी गुलामांची आयात नित्याची होती. हबसाणात जन्मलेला, बगदादेपर्यंत हातोहात विकला गेलेला आणि अखेर अहमदनगरच्या दरबारी आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला, त्याने खडकी शहर वसविले, जमिनीची धारापद्धती बांधून दिली आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोगलांना दाद दिली नाही. पुरुष गुलामाला तलवार मिळे, आणि तलवारीच्या बळावर तो वजिरीपर्यंत चढू शके. स्त्री गुलामाला ती वाट नव्हती. तिला जाते मिळे. शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत तेथील डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात पूर्वीच्या अंमलात चालत आलेली स्त्रीपुरुषांची दास म्हणून खरेदी आणि विक्री आपल्या मुलखात चालणार नाही, अशी स्पष्ट अट घातली होती, आणि ती त्या काळाच्या मानाने असामान्यच म्हटली पाहिजे. परंतु कौलातील या अटीचे रूपांतर पुढे राज्याच्या कायमच्या नीतीत झाले नाही. अठराव्या शतकात राज्य अटकेकडे पसरत गेले, पुणे हे संपत्तीचे आणि वाड्यांचे शहर बनले, आणि वाडा म्हटला की त्यात दळणारी, कांडणारी, सारवणारी, पाणी भरणारी माणसे आलीच.

ही माणसे कोठून येत? स्वारीत लुटीबरोबर बायका धरून आणल्या जात, आणि उत्तर हिंदुस्थान, कर्नाटक अथवा माळवा यांतून परतणाऱ्या लष्कराबरोबर त्या दक्षिणेत पोचत. दुष्काळ हा दुसरा मोठा उगम. १७९१-९२ चा भीषण दुष्काळ असो, की होळकरांच्या धामधुमीनंतर १८०३-०४ मध्ये दख्खनवर कोसळलेला असो, पोटासाठी आईबापांनी लेकरे विकावी आणि घेणाऱ्याने ती पुण्यकर्म म्हणून घ्यावी, असे प्रकार घडले. व्यापारी बायका घेऊन येत आणि विकून जात. घरच्या बटकीला झालेली मुलगी ही धन्याचीच. हे सर्व मार्ग जगातील बहुतेक दास्यसंस्थांना ठाऊक आहेत. पेशवाईतील दास्याचे वेगळेपण ज्या मार्गात आहे, तो मार्ग बदकर्माच्या सजेचा होय, आणि त्याचा विचार सविस्तरच करावा लागेल.

बदकर्म हा त्या काळच्या कागदांतील अतिशय व्यापक शब्द आहे. परपुरुषाशी संबंध हा त्याचा मुख्य अर्थ. पण विधवेला दिवस जाणे, नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरी राहणे, जातीबाहेरच्या माणसाबरोबर निघून जाणे, हे सर्व त्यात सामावत असे. ब्राह्मणेतर जातींत विधवेचा पाट लागे, आणि सरकार त्यावर पाटदाम नावाचा करही घेई. म्हणजे पुनर्विवाह हा तेथे पापही नव्हता आणि गुन्हाही नव्हता. परंतु रीतसर काडीमोड झाल्यावाचून, गोताची संमती घेतल्यावाचून आणि सरकारचे देणे दिल्यावाचून स्त्रीने दुसरे घर केले, तर तोच संबंध बदकर्मात जमा होई. एकच कृत्य, पाटदाम भरला तर पाट आणि न भरला तर बदकर्म, अशी ही हद्द जातीचे पंच, गावचा पाटील आणि परगण्याचा कमाविसदार यांनी मिळून आखलेली होती, आणि त्या आखणीत जिच्या आयुष्याचा निवाडा होई त्या बाईला आवाज फार थोडा होता. पुरुषावर प्रायः दंड बसे. त्याने गुन्हेगारी भरली, प्रायश्चित्त घेतले, गोताला जेवण घातले की तो पुन्हा पंक्तीत बसू शके. शहर पुण्याच्या कोतवालीच्या जमेत अशा दंडाची रक्कम ही नेहमीची बाब होती. स्त्रीजवळ दंड भरण्यास पैसा कोठून असणार? तिचा नवरा किंवा बाप तिच्यासाठी तो भरण्यास पुढे आला नाही, तर ती सरकारजमा होई. तिला किल्ल्यावर अथवा सरकारी कारखान्यात रवाना करीत आणि तिच्या नावापुढे कुणबीण असा शेरा पडे.

येथे कात्यायनाचा नियम आड येत असे तो ब्राह्मण स्त्रीच्या बाबतीत. तिला कुणबीण करणे शास्त्रविरुद्ध, म्हणून तिला किल्ल्यावर अटकेत ठेवीत, किंवा प्रायश्चित्ताच्या खटपटीत तिचे आयुष्य काढवीत. कुळवाडी, धनगर, कोळी, माळी इत्यादी जातींच्या स्त्रियांना मात्र ही मुभा नव्हती. एकाच अपराधाबद्दल वरच्या जातीच्या स्त्रीला कोंडून ठेवावे आणि खालच्या जातीच्या स्त्रीला कामास लावावे, या भेदाचे समर्थन धर्माच्या नावाने होत असले, तरी त्याचा लाभ कोठीला मिळत होता. उमा चक्रवर्ती यांनी या भेदावर नेमके बोट ठेवले आहे, आणि माझ्या मते पेशवाईच्या सामाजिक इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण भेद आहे. कारण कोंडलेली ब्राह्मण विधवा आणि दळणारी कुणबीण या दोघींची दुःखे परस्परांहून भिन्न असली, तरी त्या दोघींवर एकाच सत्तेचा हात होता, आणि त्या सत्तेने एकीचे शील व दुसरीचे श्रम आपल्या ताब्यात ठेवून स्वतःची प्रतिष्ठा व स्वतःचा कारखाना अशा दोन्ही गोष्टी राखल्या.

आता ही कोठी, म्हणजे सरकारी धान्याचे कोठार, कशी चाले ते थोडे जवळून पाहू. किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्याकडे असे. सबनिसाने हजेरी आणि हिशेब लिहावा, कारखानिसाने धान्य, दारूगोळा व सामान यांची व्यवस्था पाहावी. किल्ल्यावरच्या शिबंदीच्या पगाराचा काही भाग धान्याच्या रूपाने, अडशेरी म्हणून, दिला जाई. खालच्या मुलखातून वसुलाचे भात, नाचणी, वरी, ज्वारी गडावर चढे ते अखंड धान्याच्या रूपात. त्या धान्याची भाकरी होण्यापूर्वी ते पाखडावे लागे, निवडावे लागे, भात असेल तर उखळात मुसळाने कांडून त्याचा कोंडा सुपाने वेगळा करावा लागे, आणि मग पहाटेपूर्वी जात्यावर दळावे लागे. मोठ्या जात्याला दोघी बायका समोरासमोर बसून खुंटा ओढीत. एक घास घाली, दोघी फिरवीत. पावसाळ्यात गडावर धुके आणि ओल शिरली की धान्य सादळे, जाते जड चाले आणि पिठाला वेळ दुप्पट लागे. हे काम संसारी स्त्रीही करीत होती, नाही असे नाही. परंतु संसारी स्त्री आपल्या घरच्या तोंडांपुरते दळते. कोठीवरील कुणबीण साऱ्या शिबंदीच्या तोंडांपुरते दळत होती. हाताखालचे धान्य संपले म्हणून तिचे काम संपत नसे, कारण वसुलाचे धान्य येतच राही. कोठीखेरीज थट्टीत गाईम्हशींचे शेणगोठ्याचे काम, पागेत दाणाचारा आणि लीद काढण्याचे काम, आणि इमारतीचे काम चालू असेल तेथे मातीचुना वाहण्याचे काम याच बायकांकडे असे. मोबदला म्हणजे पोटास शिधा आणि अंगास लुगडे, मुशाहिरा नाही. ज्या किल्ल्यांच्या बुरुजांचे आपण आज अभिमानाने वर्णन करतो, त्या किल्ल्यांवर लढणाऱ्या माणसांच्या पोटात गेलेले पीठ कोणी दळले, हे या हिशेबांतूनच कळते.

सरदारांच्या, सावकारांच्या आणि शास्त्रीपंडितांच्या घरीही कुणबिणी असत. लग्नात मुलीबरोबर आंदण म्हणून कुणबीण देण्याची चाल होती. मर्जीतल्या मनुष्यास सरकारातून ती बक्षीसही मिळे. तिची खरेदी खतपत्राने होई, तिच्या खरेदीविक्रीवर जकातही घेतली जाई, आणि किंमत वय, जात, रूप व कामाची ताकद यांवर ठरत असली, तरी बहुधा पन्नास ते शंभर रुपयांच्या आसपास घोटाळे. बऱ्या घोड्याला याहून पुष्कळ जास्त पडत. मालाच्या खरेदीत जसा मालाचा प्रकार लिहावा, तशी या कागदात तिची जात लिहिलेली असे, आणि ती लिहिणे आवश्यकच होते. कारण ब्राह्मणाच्या घरी येणारी कुणबीण पाणी भरणार, धान्याला हात लावणार, ओटा सारवणार, भांडी घासणार. तिच्या हातचे पाणी चालते की नाही, या एका प्रश्नावर साऱ्या घराचे सोवळे उभे असे. आपली अस्पृश्य जात लपवून एखादी बाई अशा घरात शिरली आणि पुढे ते उघडकीस आले, म्हणजे घरातील माणसांनाच नव्हे, तर त्या घरी जेवून गेलेल्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रसंग येई. मग शास्त्र्यांचा निर्णय, पंचगव्य, दक्षिणा, आणि त्यावर सरकारची नजर असा सारा व्याप सुरू होई. या प्रकरणांत शुद्ध होतात ती घरे. त्या बाईचे पुढे काय होते, ते कागद क्वचितच सांगतात.

विधवेच्या केशवपनापासून पंक्तिप्रपंचापर्यंत सोवळ्याची जी मोठी रचना पुण्यात उभी राहिली, तिच्या स्मृती आपल्या चरित्रग्रंथांत आणि आठवणींत भरपूर आहेत. ती रचना दररोज प्रत्यक्ष चालविण्यास जे हात लागत, त्यांचा उल्लेख त्यांत जवळपास नाही. ज्या घरात गृहिणी सोवळ्याने स्वयंपाक करी, त्या घरात ओवळ्याची सर्व कामे करण्यास कोणीतरी लागेच, आणि संपन्न घरांत ती कोणी म्हणजे कुणबीण. शुद्धीच्या आचाराची किंमत अशी दुसऱ्याच्या श्रमाने चुकती होत असे. धर्माचा अभ्यास पोथ्यांतून करणाऱ्यांनी घरखर्चाच्या वह्याही चाळाव्यात, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

कुणबिणीच्या देहावर धन्याचा अधिकार चाले, हे त्या काळी कोणी लपवीत नव्हते. तिला झालेल्या मुलांना लेकावळे म्हणत, अकरमासे म्हणत. बारा मासे वजनाचा तोळा पुरा आणि अकरा माशांचा उणा, हा त्या नावामागचा हिशेब. मिताक्षरेप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या इस्टेटीत मर्यादित वाटा मिळे, त्रैवर्णिकाच्या दासीपुत्राला केवळ पोटगी. मोठ्या सरदारांच्या घरी मात्र अनौरस पुत्रही पराक्रमाने पुढे येत. महादजी शिंदे यांच्या वारसाहक्काविरुद्ध औरसतेचा आक्षेप घेतला गेला आणि तो त्यांच्या कर्तृत्वापुढे टिकला नाही. यशवंतराव होळकर हे तुकोजींचे औरस पुत्र नसतानाही त्यांनी दौलत हस्तगत केली आणि पुण्याला हादरे दिले. मुलीच्या वाट्याला असे काही येत नसे. लेकावळ्याची बहीण बहुधा आईच्याच जागी जाई, नाहीतर नाचगाणे शिकवून तिला नाटकशाळेत घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मुंबई इलाख्याची गॅझेटियरे तयार झाली, तेव्हा कोकणपट्टीच्या जातींच्या वर्णनात अकरमासे हा वेगळा समाज म्हणून नोंदला गेला. दास्य कायद्याने संपल्यानंतरही त्याची वीण जातीच्या रूपाने अशी शिल्लक राहिली. इंग्रजी न्यायकोर्टांतही वारशाच्या दाव्यांत दासी कोणास म्हणावे यावर वकिलांचे आणि न्यायाधीशांचे वाद बराच काळ चालू होते.

सुटका होत नसे असे नाही. म्हातारपणी, अंगात काम करण्याची ताकद उरली नाही म्हणजे, किंवा असाध्य दुखणे लागले म्हणजे, धर्म म्हणून कुणबीण सोडल्याच्या नोंदी मिळतात. नातेवाइकाने पैसे भरून सोडविल्याचे दाखले आहेत. आणि काही प्रसंगी बदली दुसरी कुणबीण दिली तर पहिलीस मोकळी केल्याचेही दिसते. या शेवटच्या प्रकारापाशी मी नेहमी थांबतो. एका बाईच्या मुक्ततेसाठी दुसरी बाई कोठीत जमा व्हावी, हे ज्या हिशेबात सरळपणे लिहिले गेले, त्या हिशेबात जागा भरलेली असणे महत्त्वाचे होते, जागेवरचे माणूस नव्हे. म्हातारपणी सोडण्यातील दयेबद्दलही तेच म्हणावे लागते. वीस-पंचवीस वर्षे शिध्यावर राबलेल्या, माहेरसासर दोन्ही तुटलेल्या बाईला साठीच्या सुमारास मोकळे करणे म्हणजे तिच्या शिध्याचा खर्च बंद करणे होय.

या संस्थेची तुलना अमेरिकेतील मळ्यांवरील गुलामगिरीशी करून, आमच्याकडील दास्य सौम्य होते, घरगुती होते, कुणबिणीला घरचे माणूस समजत, असे सांगण्याची रीत जुनी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनीही तसे मत दिले, आणि आपल्याकडच्या लेखकांनी ते आनंदाने उचलले. कापसाच्या मळ्यांतील फटका येथे नव्हता, एकेका धन्याच्या दिमतीस शेकडो गुलाम नव्हते, आणि काही घरांतून जुन्या कुणबिणीविषयी खरोखर माया होती, हे सर्व मी मान्य करतो. परंतु सौम्यतेची साक्ष द्यावी कोणी? ती बहुतेक सर्व धन्यांच्या आणि धन्यांच्या पाहुण्यांच्या तोंडची आहे. पळून गेलेल्या कुणबिणींच्या शोधाचे आणि त्यांना परत धन्याच्या हवाली करण्याचे जे उल्लेख कागदांत येतात, ती त्या बायकांची स्वतःची साक्ष आहे, आणि ती उलट बाजूची आहे. शिवाय घरगुतीपणा हाच येथे बंधनाचा प्रकार होता. मळ्यावरच्या गुलामाला रात्रीपुरती तरी आपली वेगळी झोपडी असे. वाड्यातील कुणबीण रात्रीही वाड्यातच असे. म्हणून सौम्यतेचा हा निर्वाळा मला मान्य नाही.

पेशवाई १८१८ मध्ये संपली, तरी कुणबिणी त्याच वर्षी सुटल्या नाहीत. कंपनी सरकारने रूढीत हात घालण्याचे टाळले, आणि धन्यांच्या हक्कांची कदर राखली. हिंदुस्थानातील दास्याची चौकशी करून कायदे आयोगाने १८४१ साली अहवाल सादर केला आणि त्यानंतर १८४३ चा पाचवा कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा. कोणत्याही अंमलदाराने हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी किंवा सरकारी बाकीसाठी माणूस गुलाम म्हणून विकू नये. गुलामावरील मालकीचा हक्क कोर्टाने मानू नये. गुलाम म्हणून कोणाची कमाई हिरावू नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलामाविरुद्धही गुन्हाच समजावा. एवढेच. मालकाने बटीक ठेवू नये, असे त्यात म्हटलेले नाही. बटीक निघून गेली तर तिला धरून आणण्यास सरकार मदत करणार नाही, इतकाच त्याचा व्यवहारी अर्थ. जिला निघून जाण्यास ठिकाण होते ती निघाली असेल. जिला नव्हते ती त्याच वाड्यात, त्याच जात्यापाशी, मोलकरीण या नव्या नावाने राहिली. दास म्हणून माणसाची खरेदीविक्री हा स्वतंत्र अपराध ठरला तो दंडसंहिता १८६२ च्या आरंभी अंमलात आली तेव्हा.

त्याच दंडसंहितेने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. व्यभिचाराच्या कलमात तिने शिक्षा पुरुषालाच सांगितली आणि विवाहित स्त्रीला साहाय्यक म्हणूनही दंडनीय मानले नाही. बदकर्माबद्दल बाई सरकारजमा करण्याचा अधिकार असा कायद्याने मावळला. पण गर्भपात, बालहत्या आणि जन्म लपविणे यांची कलमे त्याच ग्रंथात होती, आणि त्यांचा बडगा आता अशा विधवांवर पडला की ज्यांना पूर्वी किल्ल्यावर कोंडले जाई. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच विधवांसाठी. आणि सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ साली फाशीची सजा फर्मावण्यात आली, तेव्हा वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी पुढील वर्षी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. अपराध दोघांचा असता एकटीनेच तो का भोगावा, हा त्यांचा सवाल कोठीवर रवाना झालेल्या प्रत्येक बाईचाही होता; फरक इतकाच की त्या बायकांना लिहिता येत नव्हते. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ज्या पुण्यात त्यांनी ती अर्पणपत्रिका लिहिली, त्या पुण्यातील जुन्या वाड्यांत खरेदीखतावर आलेल्या काही बायका त्या वर्षी वृद्धावस्थेत हयात असणे अगदी शक्य आहे, कारण १८४३ ला तेव्हा अवघी तीस वर्षे लोटली होती.

आपल्याकडे इतिहासाची आवड उदंड आहे आणि मोडी वाचणारी माणसे कमी होत आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत; गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून पंचेचाळीस खंड काढले, तेही मुख्यतः राजकारणाच्या दृष्टीने. किल्ल्यांच्या हजेरीपटांतील, कोठीच्या आणि थट्टीच्या हिशेबांतील, कोतवालीच्या जमाखर्चातील या बायकांच्या नोंदी एकत्र करण्याचे काम फार थोडे झाले आहे. मोडी शिकणाऱ्या तरुण मुलामुलींना, विशेषतः मुलींना, माझी विनंती आहे की त्यांनी एखादा किल्ला निवडावा, त्याच्या दोनचार दशकांच्या हिशेबांचे रुमाल मागवून घ्यावेत, आणि तेथे लिहिलेल्या प्रत्येक कुणबिणीचे नाव, जात, उमर, कोठून आली, कशाबद्दल आली आणि केव्हा सुटली, एवढे उतरून प्रसिद्ध करावे. कागद अजून वाचता येतात, तोवरच हे होण्यासारखे आहे.